पट्टी

अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची,
मध्ये बोटभर फट.
वरून मी पट्टी धरतो. तीस सेंटिमीटर, लाकडी,
एका कडेला कुणीतरी चावलेली.
न सांगता सोडतो.
जिथं पकडाल तो तुमचा आकडा.

पोतोसीच्या या शाळेत, समुद्रापासून चार हजार मीटर उंच,
मी बत्तीस वर्षं धावणं शिकवलं,
म्हणजे खरं तर धाप लागल्यावर कुठं थांबायचं ते.
त्याआधी चार वर्षं डोंगराच्या पोटात होतो,
ते कुणी विचारत नाही.

यंदा सुक्रेच्या विद्यापीठातून नोएमी आयाविरी आल्या.
पहिला दिवस डोकं धरून बसल्या,
कोकाच्या पानांचा चहा पाजला तेव्हा बोलल्या:
आठ आठवडे योगासनं, रोज चाळीस मिनिटं,
सातवी ‘अ’ला. ‘ब’ला नाही.
आधी मोजू, नंतर मोजू.
मोजणारा मी.

मुलांनी आयांचे आग्वायो आणले,
ज्यात बटाटे, पाव आणि तान्हं भावंडं
एकाच गाठीनं पाठीला बांधतात,
ते रंगीत पट्ट्यांचं कापड थंड फरशीवर अंथरलं
आणि त्यावर उभी राहिली, एका पायावर,
झाडासारखी.
कुठलं झाड, रुफिनोनं विचारलं.
बाईंना उत्तर सुचेना.
मी म्हटलं, चौकातलं.

मग डोळे मिटून: श्वासाकडे लक्ष द्या,
आत जाताना गार, बाहेर येताना कोमट.
सातुर्निना कोल्के म्हणाली,
माझ्या पपांचा श्वास शेजारच्या खोलीतून ऐकू येतो.
एका वाक्याला तीन लागतात.
बाईंचं पेन थांबलं.
या गावात श्वास ही काही
शिकवण्यापुरती गोष्ट नाही.

आठ आठवड्यांनी पट्टी.
जिथं एकवीस होते तिथं तेरा,
चोविसाच्या जागी अकरा,
सातुर्निना: आठ.
आठावर माणूस पकडत नाही, आठावर मांजर पकडतं.
पुन्हा. नऊ.
पुन्हा. सात.
‘ब’ तिथंच, वीस-बावीसवर.
बाईंच्या डोळ्यांत दिवे लागले.

मी विचारलं, कसं गं?
ती म्हणाली, प्रोफे, सोडण्याआधी तुम्ही श्वास घेता.
एवढासा. आत शिट्टी वाजते.
मागून रुफिनो: हो, वाजते की.
‘अ’ला सगळ्यांना ठाऊक होतं.
‘ब’मध्ये एकालाही नाही.
मला तर नाहीच.

मग आम्ही मध्ये चादर टांगली,
पोरांच्या कानांत कापूस घातला,
माझ्या तोंडावर बाईंचा मफलर.
रुफिनो अठरा. सातुर्निना सोळा.
सुधारली होती पोरं, पण मांजरं नव्हती.
बाईंनी आधीचा रकाना लाल शाईनं खोडला.
त्यांचं चुकलं नाही.
हाताचा वेग मोजायचा तर कान बंद हवेत.

तो खोडलेला रकाना मी माझ्या वहीत उतरवून घेतला.
कशाचं माप म्हणून, ते लिहिलं नाही.

शाळा सुटल्यावर ती फाटकाशी थांबली होती,
आग्वायो खांद्यावर, चप्पल हातात.
दाखवून घ्या, प्रोफे, म्हणाली.
पपांचीही अशीच सुरू झाली होती.
आणि पळाली उतारावरून,
धाप न लागता, कुठंही न थांबता.

मंगळवारी दवाखान्यात
थंड काचेला छाती लावून उभा राहिलो.
पलीकडून आवाज आला,
श्वास घ्या. धरून ठेवा.
धरला.
आणि लक्षात आलं, उजव्या हाताचा
अंगठा आणि तर्जनी उघडी आहेत,
मध्ये बोटभर फट.